वाचता न येणाऱ्यांसाठी वाचनालयात शनिवारचा एक तास : मदत हवी आहे

देवघेव | ८ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल सांभाळून घ्या.

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. सरकारी वर्गवारीत 'ब' वर्ग. सकाळी तीन तास, संध्याकाळी साडेतीन तास. मी, एक लिपिक आणि एक शिपाई, एवढाच कारभार.

गेल्या मंगळवारी पावसाची सर आली म्हणून एक आजी नातीला घेऊन आत आल्या. नात अडीचेक वर्षांची. आजी बाकावर टेकल्या. नातीनं टेबलावरचा जुना दिवाळी अंक ओढला, उलटा धरला आणि मोठमोठ्यानं वाचायला लागली. "मग ना, भाजीवाला आला. मग ना, तो म्हणाला, संपली भाजी." पान उलटताना बोट जिभेला लावत होती, हुबेहूब आमचे पेन्शनर सभासद लावतात तसं! कुठे पाहिलं असेल कोण जाणे. वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि 'शांतता राखा'च्या पाटीकडे बोट केलं. आजी ओशाळल्या. पाऊस थांबायच्या आतच नातीला पदराखाली घेऊन निघून गेल्या.

मला ते फार लागलं. कारण ती पाटी मीच रंगवून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी बालविभागाची कपाटं उघडली. दोन लोखंडी कपाटं, त्यातल्या एकाची किल्ली सापडेना, शिपायानं कुलूप तोडलं. सहाशेच्या आसपास पुस्तकं निघाली. थोरांची चरित्रं, बोधकथा, सामान्यज्ञान, विज्ञानाचे प्रयोग. चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात देता येईल असं एकही नाही. दोनदा मोजलं.

कार्यकारिणीत विषय काढला. कार्यवाह म्हणाले, "ज्यांना वाचता येत नाही त्यांचं वाचनालयात काय काम? पाळणाघर काढायचंय का?" माणूस वाईट नाही. अनुदान हप्त्याहप्त्यानं येतं, पगार आणि वीजबिल भागवताना त्यांच्या तोंडाला फेस येतो. शेवटी मिळाली परवानगी: जुलैच्या मध्यापर्यंत, दर शनिवारी सकाळी दहा ते अकरा, जुने अंक बांधून ठेवतो त्या मागच्या खोलीत. खर्च शून्य.

खोली झाडून घेतलीय. एक जाजम आहे. पुढे नेमकं काय करायचं? एक ते पाच वयाची मुलं तासभर काय करतात? कुणी असं काही चालवलंय का?

---

तिखटमीठ | ८ जून, रात्री १०.०५

वाचतेय. भाजीवाला फार आवडला.

---

जुना सभासद | ९ जून, सकाळी ७.१५

स्पष्ट लिहितो, राग नसावा. कार्यवाहांचं बरोबर आहे. आपल्याकडची जुनी वाचनालयं कशासाठी निघाली ते बघा. रत्नागिरीचं १८२८ चं, पुण्याचं १८४८ चं, कोल्हापूरचं १८५० चं. 'नेटिव जनरल लायब्ररी' असली नावं होती त्यांची. शहाण्या माणसांनी बसून वाचावं, चर्चा करावी, हा हेतू. दोन वर्षांच्या पोरांचा दंगा घालायला अंगणवाडी आहे, बालवाडी आहे, घर आहे. एका टोकाला स्पर्धा परीक्षेची मुलं अभ्यासाला बसलेली आणि दुसऱ्या टोकाला खुळखुळे! शिवाय ही मुलं पुस्तकं फाडतात. फाडलेल्या पुस्तकाचे पैसे कोण भरणार?

---

हडसनकाठ | ९ जून, सकाळी ८.५०

देवघेव ताई, धागा पाहून राहवलं नाही. मी न्यूजर्सीत राहते. दोन्ही मुलांना तीन महिन्यांची असल्यापासून गावच्या लायब्ररीत नेलं, त्यामुळे इथली पद्धत आतून माहीत आहे.

पहिली गोष्ट, इथे 'मुलं' असा एक ढीग नसतो. मांडीवरच्या बाळांचा वेगळा वर्ग, नुकतं चालायला लागलेल्यांचा वेगळा, तीन ते पाचचा वेगळा. आणि तासभर तर मुळीच नाही. मांडीवरच्यांना वीस मिनिटं, मोठ्यांना अर्धा तास. त्यानंतर खेळणी जमिनीवर ओततात, आया गप्पा मारतात, मुलं खेळतात. माझ्या इथल्या निम्म्या मैत्रिणी त्या ओतलेल्या ठोकळ्यांभोवती झाल्या.

क्रम दर आठवड्याला तोच. स्वागताचं गाणं तेच, निरोपाचं गाणं तेच. आधी मला कंटाळा यायचा. मग कळलं की लेकीला पुढे काय येणार हे माहीत असण्यातच मजा वाटते. मध्ये एक छोटं पुस्तक, मग हातवाऱ्यांचं गाणं, मग दुसरं पुस्तक, मग खुळखुळे किंवा रंगीत रुमाल हवेत उडवायचे, शेवटी साबणाचे फुगे. पुस्तकं दोनच. एखाद्या दिवशी दुसरं पुस्तक अर्ध्यात मिटून टाकतात, कारण मुलं उठून गेलेली असतात. त्याचं कुणाला काही वाटत नाही.

आता खरी गोष्ट. मी पहिले दोन महिने मुलीला पुढे बसवून मागे फोन बघत बसायचे. मला वाटे, हा कार्यक्रम तिच्यासाठी आहे. एके दिवशी ग्रंथपाल बाईंनी सगळ्यांसमोर, हसत, पण ठणकावून सांगितलं: मोठ्यांनीही म्हणायचं, मूल तुमच्या मांडीवर हवं. मी आठवड्यातून अर्धा तास भेटणार, उरलेला आठवडा ते तुमच्यापाशी आहे. इथल्या ग्रंथालय संघटनेच्या दोन विभागांनी मिळून आखलेला एक उपक्रम आहे, त्याच्या २०११ च्या सुधारित आवृत्तीत पालकांना पाच गोष्टी सांगितल्यात: बोला, गा, वाचा, लिहा म्हणजे रेघोट्या ओढू द्या, खेळा. बाई प्रत्येक वेळी यातली एकच गोष्ट एका वाक्यात पालकांना सांगायच्या. भाषण नाही. "आता मी 'कुत्रा कुठे गेला?' विचारून थांबले होते, पाहिलंत? घरी असंच थांबा." बस, एवढंच.

अवांतर: एकदा त्यांनी मला मराठीत काही करायला बोलावलं. पंधरा अमेरिकन आयांना आपडीथापडी खेळायला लावलं. कान पकडायची वेळ आली तेव्हा सगळ्यात मोठ्यानं आयाच हसत होत्या.

---

अंगणातली ताई | ९ जून, दुपारी २.३०

मी अंगणवाडी सेविका आहे, अठरा वर्षं झाली. जुना सभासद दादा, दंगा घालायला अंगणवाडी आहे हे बरोबर. पण माझ्याकडे शिकायला येतात ती तीन ते सहाची. त्याखालच्या बाळांचा आमच्याशी संबंध म्हणजे वजन, उंची, लस आणि घरी न्यायचा आहार. आई येते, पिशवी घेते, जाते. त्या बाळाशी बोलायचं कसं, खेळायचं कसं, हे सांगायला मला तरी कुठे वेळ मिळतो? अर्धा दिवस मोबाईलवर माहिती भरण्यात जातो.

आणि अंगणवाडी हे नाव कुठून आलं तेही सांगते, आमच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. मुलं शाळेपर्यंत येईनात, तर त्या आणि अनुताई वाघ मुलांच्या वस्तीत, अंगणात जाऊन बसल्या. शंख, शिंपले, बिया, पानं, हीच खेळणी. सरकारची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला आली, तेव्हा नाव तेच घेतलं. म्हणजे खर्च शून्य हे काही नवीन नाही ताई. चिंचोके मात्र तीनच्या वरच्यांना द्या. छोटी बाळं नाकात घालतात, मी स्वतः काढलेत.

---

देवघेव | १५ जून, दुपारी १.१०

झाला पहिला शनिवार. फजिती झाली.

शुक्रवारी रात्री गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'बालगोपाळांसाठी कथाकथन' असा निरोप टाकला होता. एकतीस मुलं आली. त्यातली निम्मी सहा ते नऊ वर्षांची, धाकट्यांना घेऊन आलेली. मागच्या खोलीत मावेनात म्हणून मुख्य सभागृहात नेलं. कार्यवाह उत्साहात आले (होय, तेच!) आणि म्हणाले, आवाज पोचणार नाही, माईक घ्या. घेतला. पहिल्या 'नमस्कार'लाच स्पीकर किंचाळला, चार बाळं रडायला लागली. पुस्तक माझ्या हातात वीतभर. तिसऱ्या रांगेला चित्र काय दिसणार? मोठी मुलं प्रत्येक उत्तर ओरडून देत होती. लहानांनी तोंड उघडलं नाही. आया भिंतीला टेकून व्हिडिओ काढत होत्या. साडेदहाला एकानं जाजमावर शू केली.

स्पर्धा परीक्षेवाल्या मुलांनी तक्रारवहीत लिहिलंय. रास्त आहे.

पुढच्या वेळी काय बदलू? सरळ सांगा.

---

खडूफळा | १५ जून, दुपारी ४.००

निवृत्त प्राथमिक शिक्षक. तुम्हाला हसत नाही, कारण माझा पहिलीचा पहिला दिवस याहून वाईट गेला होता.

माईक नको. कथाकथन हा शब्दच नको, लोकांना स्पर्धा वाटते. मोठ्यांना वेगळी वेळ द्या, संध्याकाळी. शनिवारी आठ-दहा मुलं आणि प्रत्येकाबरोबर एक मोठं माणूस, ते जाजमावर, भिंतीला नाही. तुम्हीही खुर्चीतून खाली या.

आणि गोष्ट सांगायची घाई करू नका. १९८८ साली ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला होता. काही आईवडिलांना फक्त वाचायची रीत शिकवली: सरळ वाचत सुटू नका, प्रश्न विचारा, मूल जे बोलेल त्यात दोन शब्द घालून परत द्या. महिन्याभरात त्या मुलांची बोली बाकीच्यांच्या पुढे गेली. मूल म्हणालं, "भूभू." तुम्ही म्हणा, "हो, काळा भूभू. भिजलाय." एवढंच. आपल्या आज्या हे न शिकता करायच्या. आता आज्याही मालिका बघतात.

---

चित्रकथी | १५ जून, रात्री ११.२०

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, म्हणून पुस्तकांपुरतंच लिहिते.

शून्य पुस्तकं आहेत हा प्रश्न मोठा वाटतो तेवढा नाही. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ २०१५ पासून आहे. मराठीत खूप गोष्टी आहेत, पातळीनुसार लावलेल्या, आणि परवाना खुला असल्यामुळे छापून घ्यायला मोकळीक आहे. पहिल्या पातळीच्या दोन निवडा, झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर रंगीत काढा, पुठ्ठ्याला चिकटवा. दहा मुलांना दिसेल एवढं चित्र झालं. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला मराठीत आहे, स्वस्त आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाची छोट्यांची चित्रपुस्तकं तर मराठीतच जन्मलेली, त्यातली घरं आपली घरं वाटतात. आणि पुढच्या वर्षासाठी: कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानकडे बालविभागासाठी मदतीची योजना असते, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे विचारा.

एक आग्रह आहे. निदान दोन पुस्तकं अशी ठेवा ज्यात शब्दच नाहीत, फक्त चित्रं. तुमच्या जाजमावर अशी एखादी आजी नक्की येईल जिला वाचता येत नाही. अक्षरं असलेलं पुस्तक तिच्या हातात दिलंत तर ती ते सुनेकडे सरकवेल. चित्रांचं पुस्तक ती उघडेल, आणि मग तिला थांबवणं कठीण होईल.

---

इवलीची आई | १६ जून, सकाळी १०.४५

छान उपक्रम आहे. यात ए बी सी डी आणि नंबर्स घेणार का? आमच्याकडे नर्सरीच्या ॲडमिशनला विचारतात. मुलगी अडीच वर्षांची आहे, अजून पेन्सिल धरत नाही, त्याचं टेन्शन आहे.

---

खडूफळा | १६ जून, दुपारी १२.३०

इवलीची आई, पेन्सिल धरत नाही कारण बोटं तयार नाहीत. तिला रोज लिंबाएवढा कणकेचा गोळा द्या. मळू दे, चिमटे काढू दे, वळकट्या करू दे. मटार सोलायला बसवा. पेन्सिल आपोआप येईल. नव्या शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ हा सगळा एकच पायाभूत टप्पा धरलाय, त्यातली सुरुवातीची वर्षं खेळातूनच.

आता अक्षरांचं. इंग्रजीत एकेक आवाज सुटा करून खेळवतात, बी फॉर बॉल वगैरे. मराठीत मुलाच्या कानाला आधी अख्खं अक्षर ऐकू येतं. 'कमळ'ला तीन टाळ्या, 'पाणी'ला दोन, 'हत्ती'ला किती यावर भांडण. हा खेळ दोन-तीन वर्षांची मुलं झकास खेळतात, आणि पुढे पहिलीत ज्याला वाचायला कठीण जातं त्याची गाडी बरेचदा इथेच अडलेली असते. पाटीवर लिहायची घाई केली की काय होतं सांगतो. 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चारायची मात्र नंतर! सहा वर्षांच्या पोरालाही हे चमत्कारिक वाटतं. अडीच वर्षांच्या इवलीला त्यात कशाला ओढता?

तिला स्वतःच्या नावाला टाळ्या वाजवायला शिकवा. तेवढं पुरे.

---

देवघेव | २२ जून, दुपारी १२.१५

धो धो पाऊस. चारच मुलं आली. मी आधी हिरमुसले, आणि मग हा माझा या वर्षातला सगळ्यात चांगला तास ठरला.

कोण कोण होतं: इवलीसारखीच अडीच वर्षांची एक मुलगी आणि तिची आई, दीड वर्षाचा एक गोटीराम आणि त्याचे बाबा (रिक्षा चालवतात, पावसात धंदा नाही म्हणून आले), चार वर्षांची जुळी नव्हेत पण तशी दिसणारी चुलतभावंडं आणि त्यांची आजी. ती मंगळवारची आजी नाही आली. दुसरी.

पुठ्ठ्यावरची चित्रं केली होती, चित्रकथींनी सांगितलं तशी. एका चित्रात जुनं घर, ओसरी, कोपऱ्यात जातं. मी विचारलं, "हे काय?" आणि थांबले. मनात पाच आकडे मोजले. ते पाच आकडे फार लांब असतात हो! चौथ्या आकड्याला थोरला चुलतभाऊ म्हणाला, "मिक्सर." त्याची आजी इतकी हसली की तिचा पदर ओला झाला. मग तिनं पुस्तक माझ्या हातातून काढूनच घेतलं. जातं म्हणजे काय, खुंटा कसा धरायचा, पहाटे अंधारात दळताना किती थंडी वाजायची. मुलाचे दोन्ही हात धरून तिनं जाजमावर जातं फिरवलं. घर्रर्र, घर्रर्र. सगळे फिरवायला लागले. रिक्षावाले बाबाही. दीड वर्षाच्या गोटीरामानं "घल्ल" म्हटलं. त्याच्या बाबांनी मला नंतर सांगितलं, हा घरी 'बाबा' आणि 'दे' सोडून काही म्हणत नाही.

आजींना वाचता येत नाही. जाताना विचारलं त्यांनी, "मला सही जमत नाही, पुस्तक घरी देशील का?"

नियमात बसत नव्हतं. दिलं.

---

बाबा रजेवर | २२ जून, दुपारी १.००

रिक्षावाल्या बाबांना सलाम. आमच्याकडे असल्या कार्यक्रमात मी गेलो की आया सरकून जागा करतात, जणू पाहुणा आलाय. पुढच्या निरोपात 'आईसोबत' न लिहिता 'घरातल्या मोठ्या माणसासोबत' लिहा ही विनंती.

---

देवघेव | २९ जून, दुपारी २.४०

नऊ मुलं. आणि जे व्हायचं होतं ते झालं. एका मुलीनं नेहरू बाल पुस्तकालय मालेतल्या पुस्तकाचं पान मधोमध फाडलं. नवं पुस्तक, माझ्या खिशातून घेतलेलं. फाडून ती स्वतःच दचकली. तिच्या आईनं हात उगारला, मी मध्ये पडले. मग सगळ्यांसमोर मैदा आणि पातळ कागद घेऊन ते पान चिकटवलं, तिलाच कागद दाबायला लावला. सेलोटेप वापरत नाही, वर्षभरात पिवळी पडून कागद खाते. सगळी मुलं गोष्ट सोडून तेच बघत बसली. अर्धा तास पुस्तकाचा दवाखाना!

सोमवारी कार्यवाह पुस्तक बघतील. जुना सभासद, तुम्ही म्हणालात तेच झालं.

---

जुना सभासद | २९ जून, सायंकाळी ६.०५

मी टोचून बोलायला आलो नाही. तो जात्याचा प्रसंग वाचून आमच्या घरी दोन पिढ्यांत चर्चा झाली, एवढं सांगतो. माझ्या नातवानं जात्याला 'डीजे' म्हटलं.

पैशाचा प्रश्न मात्र राहतोच.

---

हडसनकाठ | २९ जून, रात्री ८.३०

पैशाबद्दल. इथे लहानांच्या विभागात पुठ्ठ्याच्या जाड पानांची पुस्तकं वापरून संपणार हे धरूनच खरेदी होते. चावलेली, चघळलेली बाद करतात. उशिराचा दंडही बऱ्याच ठिकाणी गेला: शिकागोत २०१९ ला, न्यूयॉर्कमध्ये २०२१ ला. दंडाच्या धाकानं गरीब घरातली मुलं पुस्तक घरी न्यायचीच बंद होतात, असं दिसलं होतं.

आणि इथेही सगळं पहिल्यापासून असंच नव्हतं बरं का. एकोणिसाव्या शतकात इथल्या पुष्कळ ग्रंथालयांत लहान मुलांना दारातच अडवायचे. मुलांसाठी मुद्दाम बांधलेली खोली ब्रुकलिनच्या प्रॅट ग्रंथालयात आली ती १८९६ ला. तिथे काम केलेल्या ॲन कॅरोल मूर पुढे न्यूयॉर्कच्या मुख्य ग्रंथालयात गेल्या, १९११ ला तिथली मुलांची खोली त्यांनी उभी केली. त्यांची एक रीत होती. मुलांनी एका मोठ्या वहीत स्वतःच्या हातानं नाव लिहायचं आणि पुस्तकाची काळजी घेईन असं वचन द्यायचं. सही केली की झाला सभासद. बुटकी टेबलं, खिडकीत बसायला जागा, आणि 'शांतता राखा'ची पाटी नाही.

---

अंगणातली ताई | ३० जून, दुपारी ३.१५

हडसनकाठ ताई, बाळांना पुस्तक घरी देण्याचं सरकारी पातळीवर कुठे होतं का? आमच्या लसीकरणाच्या दिवशी सगळ्या आया एका जागी असतात, म्हणून विचारते.

---

हडसनकाठ | ३० जून, रात्री ९.००

होतं! इंग्लंडात. १९९२ मध्ये बर्मिंगहॅमला तीनशे बाळांपासून सुरुवात झाली, बुकस्टार्ट नाव. बाळाच्या तपासणीला आलेल्या आईला आरोग्यसेविका पुस्तकाची पिशवी द्यायची, सोबत ग्रंथालयात येण्याचं आमंत्रण. पुढे ते देशभर गेलं. अमेरिकेत बॉस्टनच्या बालरोगतज्ज्ञांनी १९८९ पासून तपासणीच्या वेळी पुस्तक द्यायला सुरुवात केली. तुमची लसीकरणाची कल्पना अगदी त्याच जातीची आहे.

---

देवघेव | ६ जुलै, दुपारी १.५०

बरंच घडलंय, भराभर लिहिते.

सोमवारी कार्यवाहांनी फाटकं पुस्तक पाहिलं. मैद्यानं चिकटवलेल्या जागी त्या मुलीचा अंगठा उमटलाय, मैद्याचाच. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "निर्लेखनाच्या, म्हणजे बाद पुस्तकांच्या, यादीत घालू नका. राहू दे." बस, पुढे काही नाही.

मग खरा पेच आला. जात्यावाल्या आजी आणि त्यांच्या दोन शेजारणींनी जुन्या साड्यांची तीन कापडी पुस्तकं शिवून आणली. एकात भाज्या, एकात गुरंढोरं, तिसऱ्यात घरातली माणसं, आजोबांना खऱ्या लोकरीच्या मिशा. आता ही दाखल नोंदवहीत चढवायची कशी? लेखक काय लिहू? प्रकाशक? किंमत? पृष्ठसंख्या आठ, तीही धुतली की आटणार. लिपिक म्हणतो पुस्तक नाहीच, जडसंग्रहात खुर्च्यांबरोबर घ्या. कार्यवाह म्हणाले, ऑडिटला उत्तर मी देईन, पुस्तक म्हणूनच घ्या. लेखकाच्या रकान्यात आजींचं नाव लिहिलं. त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी त्या रकान्यावरून बोट फिरवून बघितलं.

अंगणातली ताई, बुधवारी आमच्या इथल्या सेविका भेटल्या. लसीकरणाच्या दिवशी मी उपकेंद्राच्या ओट्यावर जाजम घेऊन बसणार आहे. लस टोचून झाल्यावर अर्धा तास थांबायला सांगतातच, तो अर्धा तास माझा.

---

तिखटमीठ | ६ जुलै, दुपारी २.२०

लोकरीच्या मिशांचा फोटो टाका!!

---

खडूफळा | ६ जुलै, दुपारी ३.००

फोटो टाका, पण मुलांचे चेहरे नकोत.

---

देवघेव | १३ जुलै, दुपारी १२.५०

मुदतीचा शेवटचा शनिवार आज होता. अकरा मुलं, तेरा मोठी माणसं. ती मंगळवारची आजी आली! नातीला घेऊन, दाराशी उभी राहून विचारत होती, "बोललेलं चालतं ना इथे?" नातीनं येऊन दिवाळी अंक मागितला. देता आला, ठेवूनच दिला होता.

मूर बाईंची वही आम्हीही केली. जुन्या जमाखर्चाच्या वहीची कोरी पानं, वर तारीख. ज्याला पुस्तक घरी न्यायचं त्यानं सही करायची. सोळा सह्या झाल्या, कारण काहींनी दोनदा केली. गोल, रेघा, एक नुसतं भोक (पेन आरपार गेलं). त्या नातीनं, आमच्या भाजीवालीनं, पानभर आडव्या नागमोडी रेघा काढल्या, आणि मग बोट फिरवत डावीकडून उजवीकडे वाचून दाखवलं, "मी पुस्तक नेते, उद्या आणते." ती दिशा तिला कुणी सांगितली नव्हती.

कार्यकारिणीनं मार्चपर्यंत मुदत वाढवली. खर्च अजून शून्यच आहे, पण मागच्या खोलीची किल्ली आता माझ्याकडे असते. स्पर्धा परीक्षेवाल्यांसाठी शनिवारी दहा ते अकरा वरची खोली उघडून दिलीय. 'शांतता राखा' पाटी तिकडे हलवली.

जुना सभासद यांचा परवा व्यनि (व्यक्तिगत निरोप) आला होता. मजकूर त्यांच्या परवानगीनं सांगते: घरी वापरात नसलेलं छोटं जातं आहे, पाठवू का? मी हो म्हटलंय. जात्याची खालची तळी जड आहे, मुलांच्या पायावर पडेल, म्हणून सिमेंटमध्ये पक्की करून घेणार आहोत.

कापडी पुस्तकं शिवून पाठवायची इच्छा आणखी तिघींनी कळवलीय. पत्ता व्यनित देते. एवढंच बघा: कापड सुती आणि आधी धुतलेलं हवं, रंग जाणारं नको. बटणं, टिकल्या, मणी, घुंगरू नकोत, तोंडात जातात. मिशा चालतील, पण घट्ट शिवा. पहिल्या आजोबांची एक बाजू गोटीरामानं उपटली आहे.